दोघं आले तरच दार उघडतं

आज आधी एक कबुली. २०२४ च्या जूनमध्ये मी एका दोन वर्षांच्या पोराला जवळजवळ सलाइनपर्यंत नेऊन ठेवलं होतं. तेही मदत करण्याच्या नादात, हातात गारेगार ऑरेंज फ्लेवरचा टेट्रापॅक घेऊन!

मी गोवंडीत राहते. हे वाक्य ऑफिसात उच्चारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोन सेकंदांचा एक पॉज येतो. ‘ओह... म्हणजे चेंबूरच्या पुढे?’ हो बाबा, हार्बरवर चेंबूरनंतरचं स्टेशन. आमच्या ब्रोकरने फ्लॅट दाखवताना गोवंडी हा शब्दच काढला नव्हता. ‘देवनार’ म्हणाला, ‘टिसच्या जवळ’ म्हणाला. भाडं ऐकून मी आणि रूममेट इतक्या खूष झालो की बाकी काही विचारायचं राहूनच गेलं. तर रुळांच्या या बाजूला आमची सोसायटी. तिथे इंटरकॉम आहे, नावापुरती जिम आहे आणि रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय साक्षात माझ्या आईलाही आत न सोडणारा वॉचमन आहे. त्या बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर आणि त्यांच्या पाठीशी १९२७ साली सुरू झालेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड. ट्रेन एकच, स्टेशन एकच, पण ब्रिजवरून कुठल्या बाजूला उतरता यावर बरंच काही ठरतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी त्या बाजूच्या. त्या सकाळी त्यांचा फोन आला. ‘ताई, आज नाय जमणार. नातवाला रातीपासून जुलाब लागलेत. दोनदा उलटी बी झाली.’

माझं वर्क फ्रॉम होम, दुपारपर्यंत मीटिंग नाही. म्हटलं, आपणच जाऊन येऊ. वाटेत मेडिकलमधून चार टेट्रापॅक घेतले. पुढच्या बाजूला ‘ओआरएस’ ही अक्षरं ठळक, त्यांच्या मागेपुढे आणखी काहीबाही बारीक. मी स्वतः उन्हाळ्यात ट्रेनमधून उतरले की हेच प्यायचे. मस्त लागतं! मावशींना सांगितलं, थोडं थोडं पाजत राहा, बरं वाटेल. पोराने दुपारपर्यंत दोन पॅक आवडीने संपवले. मी घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

संध्याकाळी पुन्हा गेले तर जुलाब थांबायचे सोडून वाढलेले. डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी. पोर रडत होतं, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. तेवढ्यात पालिकेची आरोग्यसेविका आली, दारोदार फिरते ती. तिने बसल्या बसल्या पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, हळूहळू गेली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या पॅककडे वळली.

‘हे कोणी दिलं?’

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

‘शिकलेल्या दिसता. मागची बाजू वाचली का ताई?’

वाचली नव्हती. मागे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हे डब्ल्यूएचओने सांगितलेलं ओआरएस नाही. समोर ठळक, मागे बारीक. (आमच्या प्रोफेशनमध्ये याला ‘कंडिशन्स अप्लाय’ म्हणतात आणि आपण सगळेच त्यावर हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही.)

तिने पिशवीतून एक साधं पाकीट काढलं, चित्र नाही, फ्लेवर नाही. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घेतलं आणि ते त्यात विरघळवलं. ‘चमच्याने द्या. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत सुरू. घाई नको.’ मग आम्ही पोराला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून तेच पाणी चालू ठेवायला सांगितलं आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्या. रात्री साडेदहाला मावशींचा फोन आला, ‘ताई, पोराने सू केली!’ कुणाच्या सूची बातमी ऐकून रडायची ती माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

पण डोक्यात किडा वळवळत राहिला. टेट्रापॅकमध्ये पाणी होतं, साखर होती. पाकिटातही साखरच की. मग असा काय फरक पडला? उत्तर शोधता शोधता मी थेट शाळेत जाऊन पोहोचले. नववी-दहावीतला मनुक्यांचा प्रयोग आठवतोय? साध्या पाण्यात टाकला की मनुका टम्म फुगतो आणि मग साखरेच्या घट्ट पाकात टाकला की पुन्हा आक्रसतो. परासरण! पाच मार्कांना हमखास यायचं. मार्क मिळाले, वही रद्दीत गेली.

तर आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. किती पातळ? असे लाख-सव्वा लाख थर एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर जाडी होईल. ते बनलेलं असतं फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं. या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी जाम प्रिय, शेपट्यांना पाण्याचं वावडं. पेशीच्या आतही पाणी आणि बाहेरही पाणी, मग या बिचाऱ्यांनी करायचं काय? ते आपोआप दोन रांगा करतात. डोकी पाण्याच्या बाजूला, शेपट्या मधे एकमेकींना टेकवलेल्या. कोणी गोंद लावत नाही, कोणी खिळे मारत नाही. १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी रक्तातल्या लाल पेशींमधली ही चरबी काढली आणि पाण्यावर पसरून मोजली. ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. म्हणजे थर एक नाही, दोन आहेत. काय साधी ट्रिक आहे ना?

आणि हे पटल घट्ट नसतं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी जे चित्र मांडलं तेच थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही शिकवतात. पटल तेलासारखं वाहतं, रेणू आपापल्या रांगेत सतत इकडून तिकडे सरकत असतात आणि मधूनमधून मोठमोठी प्रथिनं तरंगत असतात. सकाळची हार्बर डोळ्यांपुढे आणा. कुर्ल्याला उतरणारे दाराकडे सरकतात, वाशीहून बसून आलेले जागचे हलत नाहीत, सगळे एकमेकांना घासत जागा बदलतात, पण डबा काही फुटत नाही.

या चरबीच्या थरातून आरपार कोण जातं? ऑक्सिजन जातो, कार्बन डायऑक्साइड जातो. त्यांना ना पास लागतो ना सही. अल्कोहोलही बिनदिक्कत जातं, म्हणून तर शुक्रवारी रिकाम्या पोटी घेतलेला पहिला पेग पंधरा मिनिटांत आपलं काम दाखवतो. (आणि वारंवार बाथरूमला का पळावं लागतं? किडनीतल्या पेशींच्या पटलावर पाण्यासाठी खास नळ्या असतात, ॲक्वापोरिन नावाच्या. मेंदूकडून येणारं एक हार्मोन त्या नळ्या पटलावर बसवून घेतं आणि शरीर पाणी वाचवतं. अल्कोहोल त्या हार्मोनलाच गप्प करतं. नळ्या आत खेचल्या जातात आणि पाणी चाललं वाहून. या नळ्यांचा शोध लावणाऱ्या पीटर ॲग्रेंना २००३ मध्ये नोबेल मिळालं. वीकेंडला त्यांची आठवण काढा.)

मीठ आणि साखर मात्र या थरातून जाऊ शकत नाहीत. मिठातला सोडियम विद्युतभार घेऊन फिरतो आणि ग्लुकोज आकाराने मोठं, वर पाण्यावर प्रेम करणारं. चरबीच्या थरात दोघांनाही नो एंट्री. त्यांच्यासाठी प्रथिनांचे दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजाचा स्वभाव वेगळा.

आपल्या लहान आतड्यातल्या पेशींवर असा एक भन्नाट दरवाजा आहे. तो एकट्या ग्लुकोजला आत घेत नाही. एकट्या सोडियमलाही नाही. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघं येऊन आपापल्या जागी बसले की मगच तो कलतो आणि सगळ्यांना एकदम आत सोडतो. ऑफिसच्या सर्व्हर रूमला दोन जणांची कार्डं एकदम स्वाइप करावी लागतात ना, तसा मामला. याला जोर कुठून मिळतो? पेशीच्या दुसऱ्या टोकाला, रक्ताच्या बाजूला, एक पंप अहोरात्र चालू असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई. बाहेरचा सोडियम आत घुसायला टपलेलाच असतो आणि घुसताना ग्लुकोजला हाताला धरून ओढत नेतो. तुम्ही सोफ्यावर आडवे पडून सिरीज बघत असता ना, तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा हा पंप खात असतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये शोधला, नोबेल मिळायला मात्र १९९७ साल उजाडलं. अप्रेझलसाठी चाळीस वर्षं! आपण एप्रिलमध्ये उगाच रडतो.

आणि आता मनुका आठवा. मीठ-साखर पेशीतून पलीकडे गेली की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. पाण्याला कोणी ढकलत नाही, जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे ते आपणहून निघतं. मीठ-साखरेची जोडी जिथे जाते तिथे पाणी जातं. ओआरएसची सगळी जादू एवढीच आहे.

ही जोडगोळी १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन संशोधकाने पहिल्यांदा मांडली. तेव्हा जुलाबाशी तिचा संबंध कुणी जोडला नव्हता. त्याच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये, कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं होतं की कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशी फोडत नाही, तो विष सोडतो. त्या विषाने पटलावरची क्लोराइडची दारं सताड उघडी पडतात. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. घरातला नळ कोणीतरी चालू ठेवून गावी निघून गेल्यासारखं! साधं पाणी पाजलं तर ते वळतं करायला कोणी नसतं, तेही वाहून जातं. पण गंमत बघा, या सगळ्या गोंधळात तो दोन कार्डांचा दरवाजा शाबूत असतो. विष त्याला हात लावत नाही. मेन गेटचा बट्ट्याबोळ झालाय, पण साइड गेट सुरू आहे.

या साइड गेटची मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आलेले आणि बनगाव इथे कॉलऱ्याने थैमान घातलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस तिथे काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, सुया टोचायला प्रशिक्षित माणसं नव्हती. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं मिश्रण पाण्यात विरघळवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांच्याच हातात दिलं. आया आणि बहिणी कपाकपाने पाजत बसल्या. तोवर त्या कॅम्पात शंभरातले तीसच्या आसपास पेशंट दगावत होते. तो आकडा ३.६ वर आला. ‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये सोडियम-ग्लुकोजच्या या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनोबिस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, पद्मविभूषण जाहीर झालं ते त्यानंतर, २०२३ च्या जानेवारीत. आपल्याकडचा हा पॅटर्न तुम्हाला माहीत आहेच.

मराठीत याला जलसंजीवनी म्हणतात. सरकारी पोस्टरवर हा शब्द वाचला की मला नेहमी वाटायचं, काय हे भारदस्त नाव! आता वाटतं, अगदी बरोबर ठेवलंय.

आता येऊ माझ्या टेट्रापॅककडे. २००२ पासून डब्ल्यूएचओचं जे प्रमाण आहे त्यात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. यातून सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही सारख्याच संख्येने मिळतात, त्यांच्या हिशेबात ७५ ला ७५. त्याआधीच्या जुन्या फॉर्म्युल्यात साखर आणि मीठ दोन्ही जास्त होते. ते कमी केल्यावर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाइनची गरजही घटली. म्हणजे चवीपुरतं मागेपुढे झालं तर चालेल असा हा मामला नाहीच. सर्वसाधारण कोल्ड्रिंकमध्ये लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळजवळ शून्य. मी आणलेल्या त्या फळांच्या फ्लेवरवाल्या ‘ओआरएस’मध्येही साखर खऱ्या जलसंजीवनीच्या अनेक पट होती. इतकी साखर आत घ्यायला दरवाज्यावर पुरेसा सोडियम नाही. मग ती साखर आतड्यातच पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी आपल्याकडे खेचते. मनुका पाकात! दोन वर्षांच्या पोराच्या पोटात मी नेमका तोच प्रयोग केला होता.

ही चूक करणारी मी एकटी नव्हते, हे नंतर कळलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या अशा पेयांच्या नावाविरुद्ध जवळजवळ आठ वर्षं भांडत होत्या. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मागे बारीक सूचना छापायच्या अटीवर ‘ओआरएस’ हा शब्द ब्रँडच्या नावात वापरायची मुभा दिली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला ती काढून घेतली. कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या, पण प्राधिकरण मागे हटलं नाही. जे पेय त्या फॉर्म्युल्याचं नाही त्याच्या नावात आता ही तीन अक्षरं चालत नाहीत. तरी मेडिकलमध्ये ‘ओआरएस द्या’ म्हटल्यावर काउंटरवरचा पोरगा फ्रिजकडे वळला तर त्याला थांबवा आणि पावडरचं पाकीट मागा. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं असतं, वीस-बावीस रुपयांना मिळतं आणि पालिकेच्या दवाखान्यात फुकट. आख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम टाकायचं. ‘अर्धं आज, अर्धं उद्या’ असली काटकसर नको, कारण पावडरीचं मिश्रण दोन्ही अर्ध्यांत सारखं येईलच असं नाही. उरलं तर चोवीस तासांनी ओतून टाकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला धोका असतो, म्हणून हात सैल सोडू नका.

आणि हो, पेज! माझी मालवणकडची आजी पोट बिघडलं की भाताची मऊ पेज मीठ घालून द्यायची. आम्ही नाकं मुरडायचो. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटतो आणि ग्लुकोज थोडं थोडं सुटतं. पाक होत नाही, दरवाज्याला मात्र पुरवठा चालू राहतो. कॉलऱ्यात तांदळाचं ओआरएस चांगलं काम करतं हे पुढे अभ्यासातूनही दिसलं. आजीला परासरण माहीत नव्हतं, पण मिठाचं प्रमाण पक्कं माहीत होतं. शहाळ्याला मात्र आपण जरा जास्तच डोक्यावर चढवलंय. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. एरवी प्या, झकास लागतं, पण जुलाबात त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि ऑफिसात दिवसभर एसीत बसून ‘हायड्रेशन’ म्हणून रोज ओआरएस पिणारी जी एक नवी जमात निघाली आहे, त्यांना एवढंच सांगते की जेवणातून मीठ मिळतंय, साधं पाणी प्या.

जाता जाता, घरी वडिलांच्या डायबिटीसच्या गोळ्यांवर एखादं ‘...ग्लिफ्लोझिन’ असं नाव दिसलं तर ओळख पटवून घ्या. आतड्यातल्या या दरवाजाचा एक सख्खा भाऊ किडनीत असतो, तो लघवीत चाललेली साखर परत रक्तात घेतो. या गोळ्या त्याला कुलूप लावतात, म्हणून जादा साखर बाहेर जाते. असली कुलपं पहिल्यांदा सापडली ती सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या एका पदार्थात, १८३५ साली. तेव्हा दरवाजाचाच कुणाला पत्ता नव्हता.

आता थोडं माझ्या रुळांच्या त्या बाजूबद्दल. आमचा भाग पालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात येतो. पालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात या वॉर्डाचा निर्देशांक होता ०.०५, शहरातल्या २४ वॉर्डांत तळाचा. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली, तेव्हा गोवंडी आठवडाभर चॅनेलांवर होती. त्या विषाणूची तऱ्हाही पटलाशीच जोडलेली आहे. तो आपल्याच पेशीच्या पटलाचा तुकडा पांघरून बाहेर पडतो आणि पुढच्या पेशीला चिकटल्यावर ते पांघरूण तिच्या पटलात मिसळून आत घुसतो. आणि गोवरात मुलं दगावतात ती नुसत्या पुरळाने नाही. न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं. कॅमेरे गेले, सेविका मात्र गल्ल्यांतून फिरतच राहिल्या.

पाकीट फुकट आहे. पण पाकिटावर लिहिलंय, एक लिटर स्वच्छ पाणी. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही ते कुठल्या तरी स्वरूपात द्यायला हवं. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. मावशींच्या गल्लीत मी गेले त्या दिवशी पाणी पिंपात भरून ठेवलेलं होतं, विकतचं. ते आणायला सून पहाटे साडेचारला उठली होती. त्यातलं एक लिटर उकळायला गॅस जाळायचा, मग ते गार व्हायची वाट बघायची आणि तोवर पोर रडतंय. मी टेट्रापॅक घेऊन आले तेव्हा मावशींना हायसं का वाटलं असेल, हे मला फार उशिरा कळलं. तो तयार होता. त्यात पाणी होतं आणि ते उकळावं लागणार नव्हतं.

नातू आता साडेतीन वर्षांचा आहे आणि भयंकर मस्तीखोर. मागच्या महिन्यात रूममेटचं पोट बिघडलं, ऑफिसच्या पार्टीतल्या पाणीपुरीची कृपा! ती फोनवर दहा मिनिटांत येणारं काहीतरी ऑर्डर करायला लागली. मावशींनी पोळ्या लाटता लाटता तिच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि मसाल्याच्या डब्यामागून पाकीट काढलं. ते तिथे होतं हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

‘लिटरची बाटली कुठं हाय?’ त्यांनी विचारलं. ‘अंदाजानं नाय करायचं.’